गोड आवाज

फौजेतल्या नवऱ्याचे, धैर्यशीलचे, काश्मीरहून आलेले पत्र संयोगिताने सासूला वाचून दाखवले, तरी रंगूबाई काही बोलल्या नाहीत. ती शांतता संयोगिताला सोसेना. एरवी वाचनालयातले कोणतेही पुस्तक ती वाचू लागली, की सासूबाई मध्येच तोंड घालीत. रहस्यकथेत, "खून दिवाणजीनंच केलाय." प्रेमकथेत, "ह्यास्नी कामधंदा न्हाई व्हय?" प्रवासवर्णनात, "एवढा फिरला, पर जेवला कुठं?" सून वैतागून जाई.

"आत्याबाई, आज काईच न्हाई बोलला?"

"गोष्टीत कुणाचं वंगाळ व्हायचं आसलं, की तू ती पानं गाळतीस. तवा तुजा आवाज लय गोड हुतो," रंगूबाई म्हणाल्या. "आज बी तसाच झालता. माज्या लेकाच्या पत्रातलं काय गाळलंस?"

संयोगिताने पत्राची घडी घातली आणि ती गोठ्याकडे निघून गेली.