वाऱ्याची पुजारीण

माझी नणंद एरिथा आमच्या अम्निसोस बंदरावर वाऱ्याची पुजारीण आहे. ती टेकडीवर गाते, वारा निजतो आणि गलबतवाले तिच्या दारात तेलाचे बुधले ठेवून जातात. मी दिवसभर तिच्या भाच्याला निजवते, पण मला कुणी एक अंजीरसुद्धा देत नाही.

"वन्सं, तुमचा वारा झोपेतून उठून दूध तरी मागत नाही," काल मी म्हटलंच.

"जळतेस होय गं, वहिनी? वाऱ्याला शिळं गाणं चालत नाही. रोज नवं लागतं."

जळतेच मी. एरवी बाळाला थोपटताना सुचेल ते गाते, पण आज इतकी धुसफुसत होते की ओठ मिटूनच त्याला निजवलं.

दुपारी वादळ उठलं. माझा नवरा, तिचा सख्खा भाऊ, मासळी घेऊन परतत होता. एरिथा टेकडीकडे धावली आणि अर्ध्या वाटेवरून माझ्या दारात परत आली, पांढरीफटक पडून.



"वहिनी, आज तुझ्या खिडकीतून काहीच ऐकू आलं नाही गं. आता मी काय गाऊ?"