खाली बसायचा सराव

पडून फुटलेल्या गुडघ्याच्या वाटीचं ऑपरेशन झाल्यापासून अन्नपूर्णाबाईंचा पाय आज पहिल्यांदाच पुरता वाकला, तशी व्यायाम करून घेणारी नाजिश खुलली. "शाब्बास, अन्नपूर्णामावशी! आता रोज थोडं थोडं खाली बसायचा सराव करा."

अन्नपूर्णाबाईंनी पाय झटक्यात ओढून घेतला. इतके दिवस दातओठ खाऊन सगळे व्यायाम केलेली बाई एकदम भडकली.

"खाली बसायचा सराव मले नका शिकवू!"

"अहो, पण आता दुखणार नाही."

"दुखते का नाही, ते मले इचारा! ग्रामपंचायतीची मेंबर आहो मी. आमच्या बौद्धवाड्यातून निवडून आली, तं सभेत सारे खुर्चीवर अन् मी एकटी खाली सतरंजीवर. तुम्ही 'जमिनीवर बसू नका' म्हणून बजावलं, तवा कुठं सरपंचानं मले खुर्ची देल्ली."

"मग बसा ना खुर्चीवर! तुम्हाला आता कोण उठवतंय?"

अन्नपूर्णाबाईंनी गुडघ्यावर थाड्कन हात मारला.

"बाई, ते खुर्ची मले थोडीच भेटली? या टोंगळ्याले भेटली. अन् तुम्ही त्यालेच बरं करून राह्यल्या!"