हळदीचा सूर्य

"आजोबा, ऋजुताचा सूर्य नासला!" कैवल्यने टाळ्या पिटत घोषणा केली.

तुळशीविवाहासाठी सकाळीच चुन्याने रंगवलेल्या वृंदावनावर माझी नातवंडे बागेतल्या रंगांनी चित्रे रेखाटत होती. कैवल्यने पानांच्या रसाने झाडे काढली होती. सहा वर्षांच्या ऋजुताला यंदा प्रथमच सूर्याचा मान लाभला होता. तिने ओल्या हळदीच्या रसाने तो पिवळाधमक चितारला. परंतु पाहता पाहता तो लालबुंद झाला.

"मला पिवळाच हवा होता," म्हणत ती हुंदके देऊ लागली आणि तिने सूर्य पुसण्यासाठी फडके उचलले.

मी तिचा हात हलकेच धरला. "बाळ, चूक माझी. चुना ओला असतानाच मी तुला हळद दिली. पण देवीचं कुंकू असंच होतं. हळदीला चुना लागला, की ती लाल होते."

तिने डोळे पुसले, सूर्यावर अलगद बोट टेकवले आणि माझ्या कपाळी टिळा रेखला.

कैवल्य हळूच पुढे सरकला. "मलाही लाव ना."

ऋजुताने बोट मागे घेतले. "नासलेला चालेल?"