बंद बैठक

चर्चच्या तळघराचं दार आर्वोनं दोनदा ओढून पाहिलं. उघडलं नाही. खिडकीत दिवा नव्हता, आणि पायऱ्यांवरच्या बर्फात कुणाच्या बुटांचे ठसेही नव्हते.

"बंद आहे," मागून त्याची मुलगी मार्लिस म्हणाली. "चला बाबा, घरी. आपण येऊन गेलो, एवढं पुरे. पुढच्या आठवड्यात बघू."

"पुढच्या आठवड्यात कुणी यायचं नाही. आज म्हणजे आज."

तो ट्रकमध्ये जाऊन बसला. फेब्रुवारीपासून मार्लिसऐवजी ट्रक तोच चालवत होता. मार्लिस शेजारी बसून रस्ता सांगायची आणि चार शब्द ऐकवायची. एप्रिल लागला होता, तरी रस्त्याच्या कडेला बर्फाचे काळपट ढीग तसेच होते.

गेल्या रविवारी आर्वोनं अंगणातल्या सॉनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, मागे रचलेल्या लाकडांत दडवलेल्या व्होडकाच्या रिकाम्या बाटल्या स्वतःच्या हातानं आणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडल्या होत्या. मार्लिस खाली आली तेव्हा तो म्हणाला, "ती दारू सोडणाऱ्यांची बैठक भरते ना, तिथे जायला हवं."

"जायलाच हवं तुम्ही, बाबा," ती लगेच म्हणाली. "मी येईन सोबत."

"बरं," आर्वो म्हणाला.

त्यानंतर तिनंच दोन-तीन ठिकाणी फोन करून चर्चचा पत्ता मिळवला होता. बैठक तिथून हलल्याचं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"व्हेल्माच्या बेकरीत विचारू," आर्वो म्हणाला.

"व्हेल्माला? उद्या न्याहारीच्या आत गावभर होईल."

"होऊ दे."

"चर्चमध्ये दानाची थाळी फिरवता तुम्ही. लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, म्हाताऱ्याला उशिरा का होईना, अक्कल आली."

मार्लिस खिडकीकडे तोंड करून बसली. "आई असती तर काय वाटलं असतं तिला," ती काचेलाच म्हणाली.

"ती असती तर एव्हाना कान धरून आणलं असतं तिनं."

बेकरीत शिरल्यावर मार्लिस लोकरी टोपी कपाळावर ओढून दाराशीच उभी राहिली. आर्वो थेट गल्ल्यापाशी गेला आणि त्यानं खणखणीत आवाजात विचारलं.

गल्ल्यापुढची काच पुसणारा व्हेल्माचा हात थांबला. "कुणासाठी?"

"इथे तुझ्यापुढे कोण उभं आहे?"

"तू? अरे, खाणीतल्या लोकांच्या जेवणात सगळे बिअर पीत असताना दुधाचा पेला घेऊन बसायचास तू." तिनं मान हलवली. "तरीच. झाकून पिणारे असेच असतात."

"असतात," आर्वो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "कुठे भरते?"

"तिथे कोण जातं ते मला माहीत नाही, आणि माहीत असलं तरी मी सांगायची नाही."

"माणसं नको सांगूस. जागा सांग."

"जागाही सांगणार नाही." ती पुन्हा काच पुसू लागली. "पण दर गुरुवारी याच वेळेला एकजण माझ्याकडून खोकंभर डोनट नेतो आणि फायर स्टेशनच्या मागच्या दारानं आत शिरतो. आता आग काही दर गुरुवारी लागत नाही."

फायर स्टेशनच्या मागच्या दारात एक धिप्पाड माणूस कॉफीचा कप घेऊन उभा होता. आत गोलात खुर्च्या मांडलेल्या होत्या, बऱ्याचशा भरलेल्या.

"या, या," तो म्हणाला. "पण आजची बैठक बंद आहे बरं का. ज्याला स्वतःची दारू सोडायची आहे तोच आत बसतो. नवरा, बायको, मुलंबाळं, कुणी नाही. सोबत आलेल्यांनी इथे बाकावर थांबायचं."

हे आर्वोला ठाऊक नव्हतं. शेजारी शेजारी दोन खुर्च्या मिळतील असं तो धरून चालला होता.

"आम्ही दोघं मागं बसलो तर? गप्प बसू."

"नियम आहे, आजोबा. पुढच्या महिन्यात खुली बैठक असेल, तेव्हा दोघं या हवं तर."

"पुढचा महिना नको," आर्वो म्हणाला.

"नकोच," मार्लिस म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला होता. "जा बाबा, निवांत जा. मी बसते इथं बाहेर."

आर्वोनं आतल्या खुर्च्यांकडे पाहिलं. खोटं बोलून आत जाता आलं असतं. मग तो वळला, तिच्या आधी बाकापाशी पोचला आणि मधोमध बसला. एका बाजूला टोपी ठेवली, दुसऱ्या बाजूला हातमोजे. तिसऱ्या कशाला जागा उरली नाही.

"काय करताय, बाबा? उठा ना."

तो उठला नाही. त्यानं हनुवटीनं आतल्या एका रिकाम्या खुर्चीकडे खूण केली.

आत कुणीतरी खुर्ची पुढे ओढली. बोलणं थांबलं. दारातल्या माणसानं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"दार लावायचंय," तो हलक्या आवाजात म्हणाला. "सोडायची कुणाला आहे?"

मार्लिसनं कपाळावर ओढलेली टोपी काढली.

"मला," ती म्हणाली.