राजपुत्राचा मुजरा

"मॅडम, ज्यानं शहर वाचवलं, त्याच्याच पोराचा मुजरा सम्राटानं काहून नाही घेतला?"

प्रणालीनं हे भर तालमीत, रंगमंचावरूनच विचारलं. अंगावर पोलंडच्या राजाचा वेश, कमरेला पुठ्ठ्याची तलवार. तुर्की सैनिक झालेल्या मैत्रिणींनी पैज लावली होती, "हिंमत असंन तं अध्यक्षीणबाईंसमोर विचार!" कारण सम्राट झाली होती करिश्मा, म्हणजे शाळेच्या अध्यक्षीणबाईंची सख्खी नात. आणि प्रणाली यंदा कोणाला म्हणून घाबरत नव्हती.

तालीम नुकतीच रंगात आली होती. व्हिएन्नाला वेढा घालून बसलेल्या उस्मानी तुर्कांच्या फौजेवर पोलंडचा राजा सोबिएस्की, म्हणजे प्रणाली, डोंगरावरून तुटून पडला होता. त्याच्या घोडेस्वारांच्या पाठीला पांढरे पंख. बांबूच्या कमच्यांवर कापूस, आणि गजरा बांधतात तशा गाठी. घरी फुलांचा धंदा, म्हणून प्रणालीच्या धाकट्या बहिणीनं, प्रतीक्षानं, सगळ्यांचे पंख एकटीनं बांधले होते.

नाटकात प्रतीक्षाला काम एवढंसंच. लढाई संपते, शहर सोडून गेलेला सम्राट परत येतो, राजा आपल्या मुलाला पुढं करतो. मुलगा वाकून मुजरा करतो. सम्राट टोपीला हातसुद्धा लावत नाही. राजाच्या जिव्हारी लागतं, पण तो गिळतो आणि पुन्हा तुर्कांच्या मागे घोडा काढतो. त्या एका मुजऱ्यासाठी प्रतीक्षा महिनाभर घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला वाकून दाखवत होती. दूधवाल्यालासुद्धा.

नाटक बसवणाऱ्या सीमा मॅडम उत्तर देणार, तोच पहिल्या रांगेतून अध्यक्षीणबाई, सुभद्राताई, बोलल्या.

"पोरगी बरोबर विचारते. आमची करिश्मा किती उर्मट दिसते त्यात! अकोल्याला स्पर्धेला मोठी माणसं येतील. विजयावरच पाडा ना पडदा."

मॅडम घुटमळल्या. मग राजाकडे वळल्या. "प्रणाली, मुख्य काम तुझं. ठेवायचा का तो प्रसंग? तू म्हणशील तसं."

फुलांचा टेम्पो रिकामा करून आलेले आई-बाबा मागच्या बाकावर सावरून बसले. पडद्याशी प्रतीक्षा उभी होती, ओठावर चिकटवलेली मिशी. तिनं ताईकडे पाहून जोरजोरात मान हलवली. हो म्हण.

सुभद्राताई प्रणालीकडेच बघत होत्या. राजाचं काम दुसरीला द्यायला त्यांना एक शब्द पुरला असता.

"चालेल मॅडम," प्रणाली म्हणाली. "काढून टाका."

प्रतीक्षानं मिशी हळूहळू सोलून काढली. मग प्रणालीच्या मागं येऊन पंखाची सुटलेली गाठ बांधायला लागली. "हलू नको ना ताई," एवढंच बोलली.

"जिंकली व तू पैज!" मैत्रिणी गेटापर्यंत ओरडत आल्या. प्रणालीनं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

टेम्पोजवळ आईनं आवाज दाबून विचारलं, "एक शब्द बोलली असती तं काय गेलं असतं व तुयं? एरवी तं तोंड बंद नाही राहत."

"राहू दे," बाबा म्हणाले. "अकोल्याले आपण सगळेच जाऊ. प्रतीक्षाले पार पुढं बसवू. तिनं बांधलेले पंख तं पाहीन पोरगी."

टेम्पोच्या मागं प्रतीक्षा पंखांवर आपली ओढणी पसरत होती, कापसाला धूळ लागू नये म्हणून.

प्रणालीचा आवाज आता राजाचा नव्हता.

"आई, बाबा, मी अकोल्याले जाईन. पण तुमी पाहाले येऊ नका. प्रतीक्षाले तं आणूच नका."