राजूकडचा प्रसाद

"आज कुठला देव?" पेढ्यांचा खोका काढत राजूने विचारलं.

"कनकेश्वर," हर्षदा म्हणाली. "आणि छापील नाव नसलेला खोका दे हां. मागच्या वेळी त्यावर अंबरनाथ लिहिलेलं. कशीबशी वाचले."

राजूने हसत साधा खोका घेतला, वर फुटाणे टाकले, झेंडूचं एक फूल ठेवलं आणि लाल दोरा बांधला. झाला कनकेश्वराचा प्रसाद तयार. अंबरनाथच्या शिवमंदिरापाशी त्याचं दुकान होतं आणि दर रविवारी संध्याकाळी हे गिऱ्हाईक ठरलेलं. केसांत वाळू, नाक उन्हाने सोललेलं, आणि चेहऱ्यावर भक्तीचा लवलेशही नाही.

हर्षदा दर रविवारी समुद्रावर जायची. पाण्यावर एक फळी, फळीवर उभं शीड, शिडात वारा भरला की फळी सुसाट सुटते. त्या फळीवर उभं राहायचं तिला वेड लागलं होतं. फळी, शीड सगळं क्लबचं, त्यामुळे घरी लपवायचं काही नव्हतं. लपवायचा होता तो समुद्रच. तिची आई संजीवनी बारवी नदीकाठची. लहानपणी तिचा धाकटा भाऊ जनू तिच्या डोळ्यांदेखत नदीच्या पुरात वाहून गेला होता. ती काठावरून ओरडत राहिली होती. तेव्हापासून तिच्या घरात पोहण्याचं नाव काढायची सोय नव्हती.

पण कोकणातल्या देवांनी हर्षदाची मोठी सोय करून ठेवली होती. जिथे वारा चांगला, तिथे जवळपास एखादं जागृत देवस्थान असतंच. किहीमला गेली की कनकेश्वर, शनिवारीच निघून गुहागरला गेली की व्याडेश्वर. देवाला जाते म्हटल्यावर कोणती आई नाही म्हणेल? फक्त येताना प्रसाद हवा. तो राजू द्यायचा.

सोनिवलीच्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये तर हर्षदाचं नाव झालं होतं. शेजारच्या बनूबाई प्रसाद कपाळाला लावून म्हणायच्या, "आजकालच्या पोरींत अशी श्रद्धा बघायला मिळत नाय गं!" हर्षदा नम्रपणे मान खाली घालायची. हसू लपवायला तेवढं बरं पडायचं.

आईही काही कमी नव्हती. तिचा सोमवार अंबरनाथच्या महादेवाचा. दुपारी परत यायची ती ओल्या केसांनी, गाभाऱ्यातल्या धुराने म्हणे लाल झालेले डोळे घेऊन, हातात पेढे. मायलेकींच्या भक्तीवर सगळा मजला गोड खात होता.

त्या रविवारी मात्र आईने कनकेश्वराचा पेढा तोंडात टाकला आणि सहज म्हणाली, "पुढच्या रविवारी कुठं?"

"नागावला. नागेश्वर."

"मी पण येणारे."

हर्षदाच्या घशात फुटाणा अडकला. पुढच्या रविवारी नागावच्या किनाऱ्यावर शर्यत होती. पहिल्या तिघांत आली तर गोव्याचं शिबिर, आणि तिथून पुढे राज्याचा संघ. वर्षभर ती याच एका दिवसासाठी देवांना राबवत होती.

"आई, एसटीत तुला उलटी होते."

"लिंबू घेईन."

"गर्दी असते गं."

"देवाला गर्दी असणारच. माझं पण तिकीट काढ."

आठवडाभर हर्षदाने डोकं लढवलं. शेवटी बेत ठरला. आईला देवळात बसवायचं, अभिषेक सांगायचा, आपण पाय मुरगळल्याचं सोंग करून मागे राहायचं आणि किनारा गाठायचा. अभिषेक लांबला, तर तो आटपेपर्यंत शर्यत संपेल.

रविवारी दोघी नागावच्या देवळाच्या पायरीशी पोचल्या. आईच्या खांद्याला चांगलीच फुगलेली पिशवी, वर नारळ. हर्षदा कळवळून खाली बसली.

"आई गं! पाय मुरगळला. तू जा, अभिषेक करून ये निवांत. माझी काळजी नको."

आईने तिच्याकडे पाहिलं. मग पायाकडे पाहिलं.

"देव काय पळून जात नाय," ती म्हणाली. "शर्यत किती वाजता आहे?"

हर्षदाचा पाय तिथल्या तिथे बरा झाला.

"तुला... कोणी सांगितलं?"

"राजूने. चार महिने झाले. त्याला वाटलं, मला माहितीये. म्हणाला, ताई, कालच तुमच्या पोरीने गुहागरचा प्रसाद नेला."

"चार महिने? आणि तू गप्प बसलीस? भांडली पण नाहीस?"

"तू ऐकली असतीस?"

हर्षदाने मान खाली घातली. या वेळी हसू नव्हतं. आपल्यापायी आईने चार महिने जीव मुठीत धरून रविवार काढले, हे तिला आत कुठेतरी लागलं.

"मग दर सोमवारी महादेवाला साकडं घालत होतीस?"

"महादेवाला कशाला?" आईने नारळ काढून लेकीच्या हातात दिला आणि पिशवीत कोपरापर्यंत हात घातला. "मी पण राजूकडनं नुसते पेढेच घेत होते."

पिशवीतून रबरी टोपी निघाली, पोहण्याचा चष्मा निघाला. मागोमाग टॉवेल.

"कॅम्प पाचला पोहण्याच्या तलावात दर सोमवारी बायकांची बॅच असते," आई म्हणाली. "जनूच्या वेळी काठावर उभी राहून नुसती बोंबलले. दुसऱ्यांदा नाय बोंबलणार."