गालातला बदाम

नवरा ईवर वारल्यानंतरच्या पहिल्या नाताळात बिर्थेने तांदळाची खीर पाकिटातली केली. घोटत उभं राहणं आता झेपत नव्हतं.

"बाबांनी तोंड फिरवलं असतं हं, आई," लेक टोवे म्हणाली.

रिवाजाप्रमाणे खिरीत एकच अख्खा बदाम होता. ज्याला मिळेल, त्याला बक्षीस. ईवर तो गालात दडवून सगळ्यांना उगाच खात बसायला लावायचे.

वाडगे चाटूनपुसून झाले, तरी बदाम निघेना.

"चोर कोण? आ करा!" टोवेने सगळ्यांचे गाल तपासले.

तेवढ्यात ईवरांच्या रिकाम्या खुर्चीकडून दातांवर बदाम वाजल्यासारखी टकटक ऐकू आली.

बिर्थे कुतूहलाने पुढे वाकली. "अहो, पाकिटातली आवडली का?"

टकटक थांबली. सवयीने मांडलेला त्यांचा कोरा वाडगा 'वाढ' म्हटल्यासारखा हळूच तिच्याकडे सरकला.